गाळलेली ओळ

"चहा हाय का नुस्तं गरम पाणी हाय गं हे?" शरणम्मा राजेश्वरीच्या कानाशी पुटपुटली. "मालकाच्या ऑफिसात एसी लागला, पण पावडर टाकायला हात काय सैल होईना."

राजेश्वरीने हसल्यासारखं केलं आणि कपातच बघत राहिली. मान वर केली असती तर कारखानदार संघटनेचे जुने सभासद म्हणून बैठकीला आलेले, दाराजवळच्या खुर्चीतले गुरुशांतअण्णा दिसले असते. त्यांच्याकडं बघायचं ती तीन वर्षं टाळत होती. टॉवेलचा कारखाना चालवणारी शरणम्मा धरून खोलीतले चौदाही कारखानदार टाळत होते. अण्णांचा कप कधीचा रिकामा झाला होता, पण 'आणखी घ्या की' म्हणायला कुणाची जीभ उचलत नव्हती.

अण्णांनीच तिला नक्षी शिकवली. आधी चौकटीच्या कागदावर, मग कॉम्प्युटरवर. चादरीवरचं फूल उठवायला कुठला धागा उचलायचा नि कुठला सोडायचा, हे मागाला एक फाईल सांगते. ती लिहायची पद्धत अण्णांनी बारा वर्षं खपून बसवली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली. कुठल्याही कंपनीचा माग ती वाचायचा.

मग एक मोठी परदेशी कंपनी आली. तिला आपलीच पद्धत जगभर प्रमाण ठरवून हवी होती. त्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीत देशादेशांची मतं लागतात, आणि मत द्यायच्या आधी दिल्लीची समिती विचारते, वापरणाऱ्यांचं म्हणणं काय? कंपनीचा गोड बोलणारा साहेब सोलापुरात आला. होटगीजवळच्या एका शेतात त्यानं सगळ्यांना हुरडा खाऊ घातला आणि हात धुवून झाल्यावर बॅगेतनं चौदा पत्रं काढली. ज्याच्या त्याच्या लेटरहेडवर, आधीच टाईप केलेली. लेटरहेडं गोळा करून द्यायचं काम राजेश्वरीनंच केलं होतं.

संघटनेची रीत अशी, की पहिली सही अध्यक्ष चन्नवीर मालकांची. ती झाली की पुढच्यानं वाचायचं नाही. वाचलं तर मालकांवर विश्वास नाही असं होतं. मालकांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते राजेश्वरीला विचारायचे. त्या दिवशीही विचारलं, "काय लिव्हलंय गं?"

"पाठिंबा आहे, मालक. नवीन पद्धतीला."

खोटं नव्हतं ते. मधली एक ओळ तेवढी तिनं गाळली. हुरडा कोवळा होता, साहेबानं तिच्या नक्षी काढून द्यायच्या दुकानाला कंपनीचं ट्रेनिंग सेंटर करायचं कबूल केलं होतं, आणि एका ओळीनं काय होतंय, असं वाटलं तिला.

त्याच महिन्यात अण्णा दिल्लीला गेले होते, समितीपुढं हरकत घ्यायला. तिथं त्यांच्यासमोर ही चौदा पत्रं मांडली. तुमच्याच गावाला हवंय की हे, असं समितीवाले म्हणाले. अण्णा परत आले आणि कुणालाच काही विचारलं नाही. कंपनीची पद्धत प्रमाण ठरली, आणि नवीन माग आता अण्णांची फाईल वाचत नाहीत. ट्रेनिंग सेंटरची पाटी राजेश्वरी रोज सकाळी पुसते.

आता कुठल्याशा देशानं अपील केलं होतं. सोलापूरवाल्यांनी कंपनीचं हे नक्षीचं सॉफ्टवेअर सहा महिने वापरलं म्हणता, पण पत्रं लिहिली तेव्हा ते बाजारात येऊन दोनच महिने झाले होते, ते कसं काय? दिल्लीनं इंग्रजीत खुलासा मागवला होता; तो कागदही राजेश्वरीनंच वाचला होता, बाकीच्यांना पुन्हा एक सही हवी एवढंच ठाऊक होतं. खुलासाही कंपनीनंच टाईप करून पाठवला होता. त्या बाबतीत त्यांचं काम चोख. संध्याकाळपर्यंत सह्या गेल्या की अपील संपलं. नाही गेल्या, तर सगळा प्रश्न पुन्हा उघडणार, अण्णांच्या पद्धतीसकट.

"करून टाकू की," मागनं कुणीतरी म्हणालं. "नुस्ती सही तर हाय."

"मागल्या टायमालाबी नुस्तीच होती," शरणम्मा म्हणाली.

मालकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "राजेश्वरी, तूच वाच बगू. सगळ्यांना ऐकू दे."

ती उठली. इंग्रजी बघत मराठीत सांगू लागली. "आम्ही सोलापूरचे कारखानदार कळवतो की..." आणि पुढं तीच ओळ होती. आजही गाळता आली असती. मालकांना कळलं नसतं. कळलं असतं ते फक्त अण्णांना, आणि अण्णा तर मान वळवून खिडकीबाहेर बघत बसले होते; हिला अवघड होऊ नये म्हणून, लहानपणी तिचं चित्र चुकलं की बघायचे तसे. तेच तिला सोसवेना.

"थांबलीस का गं?" मालक म्हणाले.

"मालक, इथं लिहिलंय की आपण सहा महिने वापरून बघितलं होतं. तेव्हाच्या पत्रातही हेच होतं. मी वाचलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि दाराकडं वळली. "अण्णा, आमच्यातल्या एकानंही ते सॉफ्टवेअर तेव्हा डोळ्यानं बघितलेलं नव्हतं. आम्ही खोटं लिहून दिलं, आणि तुमचं काम बुडवलं."