परदेशात शिजलेली मूगडाळ

मित्रांनो, मी एक जुना, तीन लिटरचा कुकर आहे. राजारामपुरीतल्या एका घराच्या माळ्यावर पडून असतो. आज खाली सोमेशची परदेशाला जायची बॅग भरणं चाललं आहे आणि माझा जीव नुसता तळमळतो आहे. का, ते ऐका.

१९९३ साली सोमेशच्या आईने, निर्मलाबाईंनी, मला घरी आणलं. त्यांचे यजमान शिवपुत्र गुळाचे व्यापारी. त्यांना चाळिशीतच मधुमेह झाला. त्यांची डाळ, भाजी रोज माझ्यातच शिजायची. "ह्या कुकरनंच मला जगवलंय बघ," असं ते म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

२००४ साली दोघं युरोपच्या सहलीला निघाले. निर्मलाबाईंनी मूगडाळीसकट मला बॅगेत घातलं. पण हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी! मी कपड्यांखाली पडून राहिलो. जेवण रोज भारतीय हॉटेलात. लोणी चोपडलेले नान, सायीतलं पनीर, वर गुलाबजाम. जेवून आल्यावर दोघांची भांडणं मला ऐकू येत.

"अवो, साखर वाढंल. साधी डाळ-रोटी मागूया की."

"घरात तेच खातोय न्हवं? हितं तरी गप खाऊ दे. आपलंच जेवण हाय की!"

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला पोहोचलो, तोवर शिवपुत्रांची तहान काही केल्या भागेनाशी झाली होती. सकाळी ते पलंगावरून उठले आणि भिंत चाचपत म्हणाले, "निर्मला, मला नीट दिसंना झालंय." तिथेच ते खाली कोसळले.

त्यांना दवाखान्यात नेलं. आमची बॅगही बरोबर आली. सहल घेऊन आलेल्या प्रेरणाताईंनी डॉक्टरांचं बोलणं समजावलं. "काकू, साखर भयंकर वाढली होती. आता साखर उतरवायची इंजेक्शनं सुरू केलीत. त्यावर वेळेवर खाल्लं नाही, तर साखर एकदम खाली येईल. जिवाला धोका आहे."

मग बाकीच्या लोकांना घेऊन प्रेरणाताईंना पुढे जावं लागलं. निर्मलाबाई एकट्या उरल्या. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. नर्सने ताट आणलं. शिवपुत्रांनी तोंड फिरवलं. "ह्यात मांस असंल. मला नको." निर्मलाबाईंनी हात जोडले, रडल्या. ते ऐकेनात. इंजेक्शन तर देऊन झालं होतं, साखर उतरू लागली होती.

निर्मलाबाईंनी मला बॅगेतून ओढून काढलं, पोटाशी धरलं आणि जवळच्या भारतीय हॉटेलाकडे धावत सुटल्या. दार बंद. त्यांनी मुठींनी दार बडवलं. नेपाळी आचारी बाहेर आला.

"दीदी, अभी बंद है."

"भैया, मेरा आदमी उधर पडा है! खाना नहीं मिला तो वो जाएगा!"

आचाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि दार उघडलं. माझ्यात मूगडाळ शिजली. त्याने फोडणीला थेंबभर तेल घातलं, पालक साईशिवाय परतला, दोन कोरड्या रोट्या भाजल्या. "दीदी, यह सब रोज बन सकता है. कोई माँगता ही नहीं," तो म्हणाला.

निर्मलाबाई भिंतीला टेकून हुंदके देऊ लागल्या.

शिवपुत्र जेवले, वाचले. पण डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. चार वर्षांनी तेही गेले. नवा कुकर आला आणि मी माळ्यावर आलो.

गेल्या महिन्यात सोमेशलाही मधुमेह निघाला. आत्ता निर्मलाबाई त्याला विनवत आहेत. "लेकरा, तिथं साधं मागून खा."

"आई, आपली हॉटेलं हायत की तिकडं. कशाला काळजी करतीस?"

मित्रांनो, मी इथून कितीही ओरडलो तरी त्याला ऐकू जाणार नाही. तुमचे आईबाबा प्रवासाला निघाले, तर त्यांना तुम्ही सांगा. आपलं जेवण आहे म्हणून डोळे मिटून खाऊ नका. त्यात लोणी किती, साय किती, ते विचारा. साधी डाळ मागा, कोरडी रोटी मागा. मागायला लाजू नका.

खाली बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. सोमेश निघाला.