बोटांची सुट्टी

गोकुळनं हद्द केली होती. पोटच्या पोरानं मायची अशी शोभा करावी, अन् तीही सगळ्या दुसरबीड गावात, हे चांगुणाबाईच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

स्टँडवरच्या आपल्या मोबाइलच्या दुकानात बसून त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, की मायच्या हातांवर लक्ष ठेवा, कापसाला हात लावताना दिसली की मला फोन करा. झालं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. चांगुणाबाई नळावर गेली की कोणीतरी तिच्या हातातली कळशी काढून घेई. भांडी घासायला बसली की शेजारची विमलबाई भिंतीवरून डोकावून म्हणे, "ठेव ते. मी येतो घासाले." काल तर किराणावाल्यानं मिठाचा पुडा तिच्या हातात दिलाच नाही, पिशवीत टाकला अन् पिशवी तिच्या खांद्याला अडकवून दिली.

"मी काय काचेची आहो काय वं?" चांगुणाबाईनं विमलबाईला विचारलं.

"काचेची कायची? तू आता इंग्लंडची आहेस," विमलबाई म्हणाली अन् घासलेलं पातेलं पालथं घातलं. पातेल्याला खालून काळं राहिलंच होतं. चांगुणाबाईला ते दिसलं, पण बोलायची सोय नव्हती.

इंग्लंडात तिची लेक होती, काजल. तिथल्या दवाखान्यात नर्स. तिला आठवा महिना सरत आला होता अन् डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यातच पोट रिकामं झालं, तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. नवरा कामावर होता. दवाखान्यातून तिनं एकटीनं मायला फोन लावला होता. रडली नाही, काही नाही. "माय, जेवली का तू?" एवढंच विचारलं होतं. बाकीचं चांगुणाबाईला दुसऱ्या दिवशी जावयाकडून कळलं. तेव्हापासून कोणी सहज जरी जेवली का म्हणून विचारलं, तरी ती आधी विचारणाऱ्याचं तोंड निरखून पाही.

या खेपेला मी येणार, असं तिनंच ठरवलं होतं. पासपोर्ट आला. फॉर्म गोकुळनं भरला. राहिला होता तो व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचा दिवस, पुण्याच्या कचेरीत. अन् तिथंच गाडं अडलं. दहापैकी सहा बोटं मशीननं घेतलीच नाहीत.

चांगुणाबाई काही अडाण्यासारखी गांगरली नव्हती. अशी मशीन तिला ठाऊक होती. रेशनच्या दुकानात अंगठा उठला नाही की दुकानदार म्हणतो, डोक्यावर घासा. तेलकट केसांवरून अंगठा फिरवायचा, मग काचेवर असा दाबायचा की टेबल हललं पाहिजे. मशीन मुकाट्यानं गहू देते. अख्खं गाव असंच करतं. तिनं पदर मागं सारला, दहाही बोटं भांगाच्या दोन्ही बाजूंनी नीट फिरवली अन् काचेवर जोरानं टेकवली. काचेवर खोबरेल तेलाचे दहा डाग उमटले. निळ्या कोटातल्या पोरीनं काच पुसली, पुन्हा पुसली, अन् म्हणाली, "आजी, असं नका करू."

आजी म्हणण्याइतकी काही चांगुणाबाई म्हातारी नव्हती. पण त्याहून राग आला तो गोकुळचा. घरी मले-तुले करणारा तिथं मला-तुला करायला लागला, अन् माय जशी तिथं नाहीच असं त्या पोरीला म्हणाला, "हिची बोटं झिजली आहेत मॅडम. चाळीस वर्षं कापूस वेचतेय."

पोरीनं पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर हातांना आराम द्या म्हणाली. म्हणून हा पहारा.

आता खरी गोष्ट फक्त चांगुणाबाईला अन् न्हाणीतल्या दगडाला माहीत होती. पुण्याला निघायच्या दिवशी दुपारी तिनं आपले हात पाहिले. बोंडअळीचं साल. पेरलं होतं बीटी बियाणंच, पाकिटावर अळी लागणार नाही म्हणून छापलेलं, तरी अळी बोंडात शिरून बसली होती. बोंड उमलतच नव्हतं. अर्धवट फुटलेल्या बोंडातून कापूस नखानं उकरून काढावा लागे, अन् कवडी, म्हणजे तो वाळून घट्ट झालेला पिवळा कापूस, वेगळी करावी लागे. बोटांच्या शेंड्यांना बारीक चिरा पडल्या होत्या अन् त्या चिरांत काळं बसलं होतं. इंग्लंडच्या सायबाच्या टेबलावर असे हात ठेवायचे? लेकीची लाज काढायची? तिनं टाचा घासायची वजरी घेतली अन् घटकाभर एकेक बोट घासलं. काळं निघालं. त्याच्याखालचं काय काय निघालं, ते पुण्याला कळलं.

आधीही तिचं बोट रेशनच्या मशीनवर कधी उठे, कधी नाही. पण अशी सहा बोटं एकदम कधीच गेली नव्हती. दोष कापसाचा थोडा होता, वजरीचा जास्त. गोकुळनं कापसाचं नाव घेतलं तेव्हा तिनं हो म्हटलं नाही अन् नाहीही म्हटलं नाही. मग दिवस गेले तसं सांगणं आणखीच जड होत गेलं.

रोज सकाळी उन्हात बसून ती बोटांना लोणी लावी अन् शेंडे डोळ्यांजवळ धरून पाही. कधी रेघा दिसल्यासारख्या वाटत, कधी सगळं सपाट. आता बाळंतपणाला सव्वा महिना राहिला होता. व्हिसाला ठशांनंतर तीन आठवडे लागतात, असं गोकुळ म्हणे. ती मनातल्या मनात दिवस मोजी, मोजता मोजता चुके, पुन्हा पहिल्यापासून मोजी. काजलचा फोन येई, तीही आधी विचारी, "माय, बोटं कशी आहेत?"

"बोटं मजेत आहेत. बसून खाऊन राह्यले," चांगुणाबाई म्हणे. "तू उठू नको पलंगावरून."

अन् वावर? चार एकर कापूस फुटून उभा होता. अळीच्या कापसात बाया यायला तयार नव्हत्या. अंगाला खाज सुटते, दिवसभर वेचलं तरी वजन भरत नाही. गोकुळ म्हणाला, "जानेफळच्या बाया मिळाल्या. तू वावराचं नावच घेऊ नको." दुकान बंद करून तो रोज बायांवर देखरेख करायला जाई. तिला ते पटलं नव्हतं. ज्याला सरकी अन् कवडी सारखीच, तो कसली देखरेख करतो?

अकराव्या दिवशी विमलबाई बाजाराला गेलेली पाहून चांगुणाबाई निघाली. हात पदरात गुंडाळले होते, हात लावायचा नाही अशी स्वतःलाच आण घातली होती. बांधावर आली अन् बाभळीच्या आडच थांबली.

वावरात एकही बाई नव्हती. गोकुळ एकटा होता. पाठीवर मळकी चादर बांधलेली, कमरेत वाकून तो एकेका बोंडाशी झटापट करत होता. बोंडाच्या टोकेरी वाळक्या पाकळ्या लागल्या की हात झटके, बोट तोंडात घाली, पुन्हा वाके. कापसाबरोबर पाला येत होता. निम्मा कापूस झाडावरच राहत होता. त्याचा फोन वाजला. त्यानं खिशातून काढला, त्यावर अंगठा टेकवला, पुसला, पुन्हा टेकवला. फोन उघडेना. मग तो एकेक आकडा दाबू लागला.

चांगुणाबाई आली तशी परत गेली. चूल पेटवली, भाकरी टाकायला लागली. हाताला चटका बसू नये म्हणून चिमटा घेतला, मग तो चिमटा तसाच हातात धरून कितीतरी वेळ बसली. तव्यावरची भाकरी काळी झाली. संध्याकाळी गोकुळ आला, पाणी मागितलं, गडवा तळहातांनी धरून प्यायला.

"बाया कशा आहेत?" तिनं विचारलं.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. जीभ उचललीही होती. मग वाटलं, पुण्याला बोटं उठली की सांगण्याचं कामच पडणार नाही.

पुण्याच्या कचेरीत तीच निळ्या कोटातली पोरगी होती. डाव्या हाताची बोटं पहिल्याच खेपेला उठली. उजव्याची तीन उठली. अंगठा अन् त्याच्याजवळचं बोट राहिलं. पोरीनं दोनदा घेतलं, तीनदा घेतलं. मशीन तांबडा दिवा दाखवी अन् बारीक ओरडे. मागं रांगेत लोक होते.

"आजी, मला एक सांगा," पोरगी म्हणाली. "ही बोटं कायमची झिजली असतील तर मी तसं लिहून फाइल पुढं पाठवते. मात्र मग निकाल कधी लागेल ते माझ्या हातात नाही. महिना लागेल, दीड लागेल. तात्पुरतं काही असेल तर थांबून पुन्हा घेऊन बघू. एकदा लिहिलं की मशीन बंद करावं लागतं."

"लिहा मॅडम," गोकुळ घाईनं म्हणाला. "कायमचंच आहे. कापसानं झालंय. पुन्हा पंधरा दिवस नकोत, बहिणीला आता..." टेबलावर टेकलेली त्याची बोटं चांगुणाबाईला दिसली. चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

पोरीनं पेन उचललं.

"थांब माय," चांगुणाबाई पोरीला म्हणाली. "कापसानं नाही झालं. म्या घासले. वजरीनं, टाचा घासाच्या. पहिल्या खेपेले इथं निघाच्या आधी. काळे दिसत होते म्हणून."

गोकुळनं टेबलावरची बोटं मागं घेतली.

पोरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण ती हसली नाही. "मग तर येतील की," म्हणाली. तिनं ओला कागद आणला, दोन्ही बोटांभोवती गुंडाळला, दहा मिनिटं बाजूला बसवलं. मग म्हणाली, "आता दाबायचं नाही हं. अजिबात नाही. अलगद ठेवा."

दाबायचं नाही, हे तिला कोणी आजवर सांगितलं नव्हतं. सकाळी दहिवरात भिजलेला कापूस वाळला का, हे पाहायला जसा हात लावतात, तसं तिनं बोट काचेवर ठेवलं. दिवा हिरवा झाला. मग अंगठा. दिवा थोडा थांबला, विचार करत असल्यासारखा. मग तोही हिरवा झाला. पोरगी म्हणाली, "झालं आजी," अन् पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपाशी बाकडं होतं. दोघं बसले. काजलला सांगायला गोकुळनं फोन काढला, आकडे दाबू लागला अन् मध्येच थांबला.

"वजरी?" तो म्हणाला. "माय, मी बारा दिवस..."

"ठाऊक आहे. म्या पाह्यलं. अर्धा कापूस झाडावर ठेवून आला तू, अन् वेचला त्यात सगळा पाला."

"तू वावरात आली होती?"

"आली होती. हात नाही लावला." तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, एक चिकटपट्टी सोडवून खालचं बोट उजेडाला धरून पाहिलं, पुन्हा पट्टी दाबून बसवली. "आता नीट आइक गोकुळ. किराणावाल्याले सांगतलं तू, विमलीले सांगतलं, सगळ्या दुसरबीडाले सांगतलं. एका माणसाले इचारलं नाही, का माय, तू हाताले काय केलं? इचारलं असतं तं म्या खोटंच सांगतलं असतं. पण इचाराले पाहिजे होतं."