कार्ड बंद करायचं इंग्रजी

बँकेशी बोलताना लाजायचं नाही, असं सांगून मी नंगालामावशीच्या हातात साबणाची वडी दिली. वडी म्हणजे फोन. मावशीने ती कानाला लावली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्लॉक माय कार्ड, प्लीज."

"कुणाचं कार्ड?" मी बँकेतल्या बाईचा आवाज काढून विचारलं.

"नंगालाचं. आणखी कुणाचं? झोपलीस की काय?"

मागच्या बायका हसल्या. त्या आठवड्यात वस्तीत पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

हा वर्ग एरवी फिलिपाबाईंचा. त्या रजेवर गेल्या की माझ्याकडे येतो. अकाउंट, बॅलन्स, विथड्रॉवल असे शब्द बाई फळ्यावर लिहायच्या आणि मावशी नुसती चहाला यायची. या वयात आता कशाला डोक्याला ताप, म्हणायची. पण नात गेल्यापासून ती सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसायला लागली होती.

पोरीची गाडी ॲलिस शहराच्या रस्त्यावर उलटली. मावशीची लाडकी नात, मावशीचंच नाव ठेवलेली. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. घेतलं तर ते माणूस वाटेत थबकतं, मागे वळतं. म्हणून पोरीबरोबर मावशीचंही नाव गेलं. आता तिला फक्त नंगाला म्हणायचं. हे आमच्या गोताचं नाव, वस्तीतल्या कितीतरी बायकांचं.

पोर ॲलिसच्या इस्पितळात थंड खोलीत पडून होती. तिला घरी आणून पुरायचं, तर शवपेटी, गाडी, सगळ्याला पैसा हवा. चहूकडच्या नातेवाइकांनी वर्गणी काढली आणि आजीच्या खात्यात भरली. आजीच्या नाही तर कुणाच्या भरणार? भरून झाल्यावर कुणाला तरी आठवलं, की आजीचं कार्ड टेरीकडे आहे.

टेरीचं दुकान हमरस्त्यावर आहे. तो पीठ, साखर, चहा उधार देतो आणि कार्ड ठेवून घेतो, गुप्त आकड्यासकट. दर गुरुवारी पांढऱ्या टोयोटातून येतो, रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढतो, एकेका कार्डावरचं नाव मोठ्याने पुकारून ज्याचा त्याला माल देतो आणि त्याच दिवशी खात्यातून पैसे काढतो. खात्यात काय उरलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. चोराच्याच हाती किल्ल्या.

मावशीचा भाऊ कार्ड परत मागायला जाऊन आला होता. टेरी गोड हसला म्हणे, हिशेब पुरा होऊ दे म्हणाला. मग वर्गणी किती जमली तेही विचारून घेतलं. हे सांगताना भाऊ खाली बघत होता. आम्हाला जे समजायचं ते समजलं. पैसे वाचवायचे तर गुरुवारच्या आत कार्ड बंद व्हायला हवं होतं. बँक ॲलिसला, दिवसभराच्या वाटेवर, आणि मावशीच्या घरी जी एक गाडी होती ती पोलिसांच्या आवारात चेपून पडलेली.

बुधवारी खरा फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मावशीने वाक्य असं म्हटलं की माझा ऊर भरून आला. बँकेतली बाई मायाळू होती. तिने ग्राहक क्रमांक विचारला. तो कार्डावर, म्हणजे टेरीच्या खिशात. हरकत नाही म्हणाली, जन्मतारीख सांगा. जन्माची नोंद नव्हती म्हणून मिशनच्या पाद्र्यांनी ठरवून दिलेली तारीख मावशीने सांगितली. आता फक्त पूर्ण नाव सांगा, म्हणाली.

"नंगाला," मावशी म्हणाली.

हे नाव खात्यावर नाही, बाई म्हणाली.

इतक्या दिवसांच्या सरावात हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही सुचला नव्हता. बायका एकमेकींकडे बघेनात. मी फोनवर हात ठेवला.

"मावशी, मी सांगते. तुझा आवाज काढते. बँकेला काय कळतंय?"

तिने माझं मनगट धरलं. "बँकेला नाही गं कळायचं. तिला कळेल. पोर अजून वाटेत आहे. हाक ऐकली तर वळून बघेल."

"अगं, पण पैसे गेले तर तिला घरी आणायची कशी?"

"उशिरा आणू. वाट चुकली तर कुठून आणशील?"

सावकाश सांगा, घाई नाही, असं फोनमधून दोनदा आलं. मावशीचे ओठ हलले आणि मिटले. मला वाटलं आता सांगेल. खरं सांगायचं तर सांगून टाकावं असंच मला वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. शेवटी तिने वर्गात शिकलेलं शेवटचं वाक्य म्हटलं, "थँक यू फॉर युअर हेल्प," आणि फोन अलगद खाली ठेवला.

गुरुवारी सकाळी आम्ही हातात पाल्याच्या डहाळ्या घेऊन अंगण झाडत होतो. पोरीची पावलं मातीत राहू नयेत म्हणून रोज झाडायचं. रस्त्यावर धुरळा दिसला तशी कुत्री उठली. टेरी उतरला. भावापाशी जाऊन त्याने टोपी काढली, वाईट झालं म्हणाला. पिठाची पोती उतरवली, नेहमीपेक्षा दोन जास्त. मग खिशातून गठ्ठा काढला, रबर सोडलं, वरचं कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि त्यावरचं नाव सबंध, आडनावासकट, मोठ्याने पुकारलं.

आम्ही माना खाली घातल्या. कुणीतरी पोरांचे कान झाकले. टेरीने इकडेतिकडे पाहिलं, कुणी पुढे येत नाही म्हणून आणखी मोठ्याने हाक मारली.

मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डहाळी हातात तशीच धरून ती ॲलिसच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.