भिवराबाईसाठी आणलेलं पाणी

मी छागल बोलतेय. आता दुकानात छागल मागितलीत तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वर बाटलीसारखं तोंड आणि त्यात लाकडी बूच, अशी मी. माझ्या अंगातून पाणी सतत पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. फ्रिज यायच्या आधी या गुणावर मी फार मिरवले.

गेवराईच्या बाजारात भिवराबाईनं मला पसंत केलं. ती आणि तिचा नवरा सटवा दरसाल ऊसतोडीला जायचे. मी बैलगाडीला लटकलेली असायची. दुपारी कोयता खाली ठेवून ती बूच काढायची आणि मला आधी सटवापुढे धरायची. तो म्हणायचा, आधी तू. यावरून दोघांची रोज वादावादी व्हायची आणि मला ती आवडायची.

पुढे त्यांनी ऊसतोड सोडली. उमापूरजवळच्या आपल्या गावात दोन म्हशी घेतल्या, गावच्या दूध सहकारी संस्थेचे सभासद झाले. घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी खुंटीवर गेले.

२०१३ च्या दुष्काळात म्हशी चारा छावणीत गेल्या, गाव टँकरवर आलं आणि भिवराबाईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता, तिलाही.

त्याच एप्रिलात संस्थेची अभ्यास सहल निघाली. झाडं राखली की पाणी कसं टिकतं ते सभासदांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं चेअरमन मोहनरावांचं म्हणणं. म्हणून कर्नाटकाच्या बाजूचं घाटातलं राखीव सदाहरित जंगल ठरलं. सटवा जायला तयार नव्हता. भिवराबाईनंच त्याला उठवलं.

"तुमी जा. जाऊबाई हाय माझ्यापाशी. येताना मला वहातं पानी आणा. टँकरचं पिऊन तोंडाची चव गेली."

जंगलात प्लास्टिक चालत नाही असं कळल्यावर सटवानं मला खुंटीवरून काढलं. खरं तर बरेच दिवस कोरडी पडलेली छागल आधी दिवसभर पाण्यात भिजत घालायची असते. मग धागे फुगतात आणि गळती कमी होते. पण त्या उन्हाळ्यात माझ्यासाठी बादलीभर पाणी कुठून आणणार? मी तशीच निघाले.

फाटकावर वाटाड्यानं सगळ्यांच्या बाटल्या ठेवून घेतल्या. तो बेळगावकडचा होता, मराठी छान बोलायचा. पान तोडायचं नाही, बी उचलायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, असं त्यानं बजावलं. आमची माणसं माना वर करून चालत होती. वर आभाळ दिसत नव्हतं. खोडांवर शेवाळ होतं, शेवाळावर नेचे उगवले होते. एकानं खाली बसून मूठभर माती दाबली तर बोटांतून पाणी आलं. मला त्या झाडांचा रागच आला. एवढं पाणी, आणि मागणारं कुणी नाही.

ओढ्यापाशी सटवा थांबला. "पानी न्यायला बी बंदी हाय का?"

"पाणी न्या की काका," वाटाड्या म्हणाला. "पाण्याला कोण अडवतंय?"

सटवानं माझं बूच काढलं. मग त्यानं मला ओढ्यात बुडवलं.

बाहेर आल्यावर बाटल्या परत मिळाल्या. मोहनराव म्हणाले, "सटवा, बाटलीत वत ते. छागल जुनी हाय."

"बाटलीत तापतंय, चेअरमन. हिच्यात गार ऱ्हाईल. भिवरीला गार लागतंय."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच आम्ही निघालो. वारा लागावा म्हणून सटवानं मला गाडीच्या खिडकीबाहेर बांधलं. मी धागा न् धागा आवळून धरला हो, पण पाझरणं हा माझा जन्माचाच धंदा. आणि ते ऊन. सोलापूर येईतो मी अर्धी झाले. चौसाळ्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा सटवानं मला तळहातावर उपडं केलं. तळहात ओला झाला, एवढंच.

तो हॉटेलच्या मागं गेला. तिथं टँकरच्या पाण्याचं पिंप होतं. मालकाला विचारून त्यानं मला भरलं. "कशाला गेलतो मी, कशाला," असं तो सारखं पुटपुटत होता.

दिवेलागणीला घरी पोचलो. जाऊबाईनं, म्हणजे तुळजाबाईनं, भिवराबाईचं डोकं उचललं आणि सटवानं मला तिच्या ओठांना लावलं. ती दोन घोट प्याली. पाण्याला टँकरच्या औषधाचा वास येत होता. सटवा तिच्याकडे बघत नव्हता.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "असलं पानी जल्मात पिलं न्हाई."

सटवा उठून बाहेर गेला. मग ती हळूच म्हणाली, "तुळजा, टँकरचंच हाय गं. त्यान्ला कळू देऊ नगंस. लई आशेनं गेलते."

तिसऱ्या दिवशी ती गेली. तुळजाबाईनं शब्द पाळला, आणि दोन वर्षांनी तीही गेली.

आज मी गोठ्याच्या खांबाला लटकलेय. कॅनव्हास कुजलाय, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. माझं काही नाही, माझं वय झालं. पण सटवा रोज सकाळी भिवराबाईच्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या ठेवतो आणि म्हणतो, "फसवलं मी तुला." मी ऐकते आणि आतल्या आत तुटते. मला त्याच्याशी बोलता येत नाही.

तुम्ही माझं ऐकलंत, म्हणून तुम्हालाच सांगते. उमापूरकडे कधी जाणं झालं तर सटवाचं घर विचारा. त्याच्याशेजारी बसा आणि त्याला सांगा, तिला पहिल्याच घोटाला कळलं होतं. आणि कळल्यावर तिनं दुसरा घोट घेतला.