रोग पिणारा दगड

जत तालुक्यातल्या त्या वाडीत टँकर येऊन उभा राहिला, तरी हंडे घेऊन कुणी पळालं नाही. सगळी वाडी अशनीनाथ महाराजांच्या मांडवात होती. महाराजांच्या एका हातात काळा दगड, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर मंगळाच्या पल्याडचा लघुग्रह फिरत होता, काळाकुट्ट, कार्बननं भरलेला. आपला दगड त्याचाच तुकडा, असं महाराज सांगत. लघुग्रह खरा होता. पुढच्या सगळ्या थापा.

दगड रोग्याच्या छातीला लावायचा आणि परातीतल्या पाण्यात सोडायचा. तो चक्क तरंगायचा! मग बुडबुडे यायचे आणि दगड हळूहळू तळाला जायचा. रोग पिऊन जड झाला म्हणे. बायाबापड्या हात जोडायच्या.

कुपवाडच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला असलेली स्वप्नाली माहेरी आली ती हे ऐकतच. आई भामाबाईच्या उशाशी टीबीच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं दिसली, ती तिनं मोजली. महाराजांच्या सांगण्यावरून सतरा दिवस औषध बंद! दगडानं रोग वढून घेतलाय, असं भामाबाई खोकत खोकत सांगत होती. खोकला तेवढा ओढायचा राहिला होता.

स्वप्नालीला घरात बसवेना. ती मांडवात गेली, दगड जवळून बघितला आणि कपाळावर हात मारला. हा तर भट्टीत जाळायचा कोक, भाजून सच्छिद्र झालेला दगडी कोळसा! पावसाळ्यात त्यावर ताडपत्री टाकायचं काम तिच्याच गळ्यात असायचं. कोक पाणी पितो आणि जड होतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं तडक कुपवाडची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी भर मांडवात तिनं फाउंड्रीतून पिशवीत आणलेला कोकचा तुकडा बादलीत सोडला. तरंगला. बुडबुडे आले. बुडाला.

"आवं महाराज, ह्यो म्या कुनालाच लावला न्हाई. मग ह्यानं कुनाचा रोग वढला?"

शंका घेणाऱ्याला दगड पावत नाही, असं महाराज पुटपुटले. तोवर वाडीतल्या म्हाताऱ्या आकारामानं तुकडा बाहेर काढून झटकला.

"पानीच हाय की रं ह्यात."

स्वप्नालीनं समजावलं: छिद्रांत हवा असते तोवर कोक तरंगतो, पाणी शिरलं की हवा बुडबुड्यांनी निघून जाते. महाराज परात तिथंच टाकून निघून गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी भामाबाईला चांगलंच झापलं, नव्यानं तपासलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. भामाबाईनं हळूच विचारलं, "आन त्यो आभाळातला दगड?"

"त्यो हाय की तिकडं, आपल्या वाटंनं फिरतुया. त्याला तुजा खोकला ऐकू जात न्हाई, आये."

तेव्हा मंडळी, दगड आभाळातला असो नाहीतर भट्टीतला, हात जोडण्याआधी एवढंच बघा: रोगी नसतानाही तो असाच बुडतो का? भामाबाईनं तांब्या उचलला आणि गोळी गिळली.