राहून गेलेली सही

शाळेच्या दारावर पहारा कोणी द्यायचा, हा प्रश्न एल्मरिज गावातल्या ज्यू शाळेत दर सप्टेंबरला निघायचा आणि दर सप्टेंबरला एकाच माणसावर येऊन मिटायचा. तो माणूस म्हणजे फायवेल. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, उभी हयात बुटांच्या दुकानात गेलेली. सकाळी साडेसातला तो दाराशी हजर असे. एकशे चाळीस पोरांना नावाने हाक मारी, कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की आधी ती बांधायला लावी आणि मगच आत सोडी. हत्यार म्हणाल तर गळ्यात एक शिट्टी. कुणी काळजी दाखवली तर म्हणायचा, "बदमाश आलाच तर त्याला आपल्या फीचा तक्ता दाखवीन. आपणहून पळेल."

मुख्याध्यापिका हेन्या ही त्याची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिच्या वेण्या त्यानेच घातल्या होत्या, वेड्यावाकड्या का होईना. बायको वारल्यावर तो हेन्याकडेच राहायला आला होता.

मार्च महिन्यात रस्त्यापलीकडच्या चर्चमधली लोरेन टिब्स एक पत्र घेऊन हेन्याच्या ऑफिसात आली. लोरेन तिथे गरिबांसाठी मोफत जेवणघर चालवायची. राज्याच्या विधिमंडळात एक विधेयक अडकून पडलं होतं. शाळा, प्रार्थनास्थळं, सेवाभावी संस्था यांना पहारेकरी नेमायला आणि भक्कम दारं बसवायला राज्याने पैसे द्यावेत, असं त्यात होतं. लोकांकडून फारशी मागणी नाही म्हणून समिती ते पुढे नेत नव्हती. तेव्हा गावातल्या सगळ्या संस्थांनी मिळून पत्र धाडायचं ठरवलं. चर्चची सही झाली होती, मशिदीची झाली होती, बायकांच्या आधारगृहाचीही झाली होती. हेन्या म्हणाली, वाचून कळवते. लोरेन गेल्यावर तिने ते पत्र खणात ठेवलं.

त्या संध्याकाळी जेवताना फायवेलने विचारलं, सही का नाही केलीस?

"बाबा काय सांगायचे, विसरलास?" हेन्या म्हणाली. "सरकारच्या डोळ्यांत भरू नये. नाव यादीत गेलं की गेलं."

"बाबा सोडून आलेल्या देशातलं सांगायचे, हेन्या. आपण इकडे जन्मलो. आणि मी काय जन्माला पुरणार आहे?"

"तू आहेस तोवर मला कशाची भीती?" असं म्हणून तिने त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. बोलणं तिथेच संपलं. पुढे लोरेनने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा हेन्याला काम होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, प्रार्थनेची घंटा होऊन गेल्यावर, लांब कोटातला एक माणूस पायरीशी आला. फायवेलने त्याला काय काम आहे म्हणून विचारलं. पुढचं ज्यांनी खिडकीतून पाहिलं त्यांनी सांगितलं. कोटातून बंदूक निघताना दिसली तेव्हा फायवेल उंबऱ्यावर उभा होता. एक पाऊल मागे घेतलं असतं तर फायवेल स्वतः आत सुखरूप राहिला असता. पण ते दार जुनं, बाहेरून जोर लावून ओढल्याशिवाय त्याचं कुलूप बसत नसे. त्याने शिट्टी वाजवली, दोन्ही हातांनी दार ओढलं आणि आपण बाहेर राहिला.

पोलीस सहा मिनिटांत आले आणि तो माणूस पकडला गेला. एकाही पोराला ओरखडा आला नाही. फायवेल पायरीवरच गेला.

सुतकाचे सात दिवस हेन्या घरात बुटक्या स्टुलावर बसून होती, रिवाजाप्रमाणे गळ्याशी फाडलेल्या झग्यात. आरसे झाकलेले होते. माणसं येत होती, जात होती. तुझा भाऊ वीर होता, असं जो तो म्हणे. ते ऐकलं की तिला कानांवर हात ठेवावेसे वाटत. वीर तो झाला नव्हता, त्याला आपण केलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी लोरेन आली. या घरात बाहेरचं शिजवलेलं चालत नाही हे ठाऊक असल्याने तिने पिशवीभर सफरचंदं आणली होती. सुतकात घरच्या माणसाने बोलल्याशिवाय पाहुण्याने बोलायचं नसतं, हेही तिला माहीत होतं. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि ती हेन्याशेजारी बसली.

"लोरेन," हेन्या शेवटी म्हणाली, "ते पत्र अजून माझ्या खणात आहे."

"असेल."

"मी सही केली असती तर..."

"तुझ्या एका सहीने कायदा झाला असता, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल." लोरेनने तिचा हात हातात घेतला. "पण तुझं समाधान करायला दुसरं खोटंही बोलणार नाही. समिती म्हणाली, मागणी नाही. का नव्हती? कारण राज्यभर तुझ्यासारखी माणसं गप्प बसली. कुणी भिऊन, कुणी संकोचून, कुणी आपलं आपण बघू म्हणून. आणि आपलं आपण म्हणजे कोण गं? कुठेतरी एक म्हातारा, एक शिट्टी."

हेन्याने डोळे मिटले.

"माझ्याही दारात एक जण उभा राहतो," लोरेन हळू म्हणाली. "ऑटिस नाव आहे. हृदयाचं ऑपरेशन झालंय त्याचं. रोज जेवणाच्या रांगेपाशी उभा असतो. तुझ्या घरची बातमी कळली तेव्हा मी आधी पळत जाऊन त्याला पाहून आले."

तेव्हा हेन्या रडली. चार दिवसांत पहिल्यांदा.

जानेवारीत समितीची सुनावणी होती. बर्फातून चार तास गाडी चालवून लोरेन तिला राजधानीत घेऊन गेली. हेन्याने भाषण लिहून नेलं होतं, पण उभं राहिल्यावर अक्षरं दिसेनात. तिने कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, की गेल्या मार्चमधल्या पत्रावर आमच्या शाळेची सही नाही, ती मी केली नाही, आज करायला आले आहे.

समितीतले एक वयस्क आमदार सौम्यपणे म्हणाले, की तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण धर्माच्या शाळेवर सगळ्या जनतेचा पैसा का खर्चावा?

"साहेब," हेन्या म्हणाली, "आमच्याकडे आग लागली तर बंब येतो. कुठली प्रार्थना म्हणता, हे विचारून तो पाणी मारत नाही. देव शिकवायला आम्ही तुमच्याकडे काही मागत नाही. ते आमचं आम्ही बघू. दाराशी एक प्रशिक्षण घेतलेला, पगारी माणूस मागतो. आजवर तिथे माझा भाऊ होता. आता तिथे कुणाला उभं करू, एवढं तुम्हीच सांगा."

आमदारांनी चष्मा काढून पुसला. मतदानात त्यांचा हात वर होता.

एप्रिलमध्ये कायदा झाला. विधिमंडळाच्या सज्जात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, लोरेनने तिला मिठी मारली. हेन्याला टाळी वाजवता आली नाही. हेच हात गेल्या वर्षी मार्चमध्ये हलले असते तर, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. ते दुःख पुढेही गेलं नाही. शाळेला नवं दार बसलं, प्रशिक्षित पहारेकरी आला, पोरं पुन्हा हसू लागली. तिला मात्र सकाळी साडेसातला दाराकडे बघवत नसे.

पण ती घरी बसली नाही. कायदा झाला तरी त्या पैशांसाठी अर्ज न करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या, आणि रविवारी ती अशा ठिकाणी जाऊ लागली. एकदा शेजारच्या गावी मशिदीच्या शाळेत गेली. तिथल्या मुख्याध्यापिका नुहाबाई तरुण होत्या, अदबीने वागल्या, चहा दिला. म्हणाल्या, आमच्याकडे तशी गरज नाही हो. आमचे सालेमकाका असतात ना दाराशी. मुलांचा फार जीव आहे त्यांच्यावर.

हेन्याने कप खाली ठेवला.

"वय काय त्यांचं?"

"अडुसष्ट असेल."

"घरी कोण आहे?"

"बायको, दोन मुली. का?"

"बाई," हेन्या म्हणाली, "ज्याच्यावर आपला जीव आहे त्याची भिंत करू नये. मी केली. अर्ज आत्ता भरा. तुमचा होईतो मी इथेच बसते."

नुहाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचं पेन उचललं.

मित्रहो, आपल्या लेकरांचं रक्षण मागणं ही भीक नाही, तो नागरिकाचा हक्क आहे, मग त्याचं देऊळ कुठलंही असो. आणि हक्क सांगायला संकोच करणाऱ्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी चुकवतो. हेन्याला हे कळलं, पण भाऊ गमावून. आपण ते तिच्याकडूनच शिकावं.