मामाची खरखर

भाचीने मामाचा ॲम्प्लिफायर मन लावून दुरुस्त केला आणि तिथेच घात झाला.

मामाला जाऊन वर्ष झालं होतं. चार वाजता त्याच्या आठवणींचा कार्यक्रम होता आणि पट्टशिष्य याच ॲम्पवर मामाची इलेक्ट्रिक गिटार वाजवणार होता. तो फाटका, खरखरीत आवाज आज उठसूट प्रत्येक बँड काढतो, पण पहिल्यांदा काढला तो मामाने. भाचीने आपल्या दुरुस्तीच्या दुकानात आठवडाभर खपून सुकलेले कपॅसिटर बदलले, सैल तारा डागल्या. स्पीकरच्या कागदी पडद्याला नऊ भोकं होती, तीही कागद चिकटवून बुजवली.

बारा वाजता तिने तार छेडली. आवाज धुतल्या तांदळासारखा स्वच्छ!

गिटार न्यायला आलेली मामी दारातच थबकली. "हा कोण गं?"

"मामा."

"छे! हा तर स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगणारा वाटतोय."

सभागृहात चाळीस गिटारवाले बसणार. पहिल्याच सुराला तिची शोभा होणार. तिने जुने कपॅसिटर एकेक करून परत बसवले. फरक शून्य.

"म्हणजे स्पीकरच," ती पुटपुटली. "पण ती भोकं तर कसरीने पाडलेली..."

मामी छताकडे बघू लागली. "कसर नव्हती ती. मी होते."

"काय?"

"रोज दुपारी डोळा लागला की ह्यांचं टँव टँव सुरू. एकदा डोकं फिरलं, घेतली विणकामाची सुई आणि भोसकला. वाटलं, आता तरी गप्प बसतील. हे आले, वाजवलं आणि आनंदाने नाचायलाच लागले! मग मी कशाला बोलते?"

चिकटवलेले तुकडे ओढावेत तर पडदाच फाटला असता. भाचीने भोकांच्या जागी पेन्सिलने खुणा केल्या आणि मामीच्या हाती सुई दिली. मामीने नक्षी काढावी तशी तीन भोकं पाडली. आवाज जरासा कुरकुरला, इतकंच.

"फार सुबक झालीत. कड फाटली पाहिजे, तरच फडफडेल. मामी, रागव."

"असा हुकमी राग येतो होय?"

भाचीने घड्याळ पाहिलं. "मामा सगळ्यांना सांगायचा, तू घोरतेस. तेही बेसूर."

"मी? घोरते?" सुई सपासप चालली. खुणा राहिल्या बाजूला. भोकं झाली अकरा.

चार वाजता शिष्याने पहिला सूर लावला आणि सभागृहाच्या अंगावर काटा आला. शिष्याचे डोळे भरले.

"या आवाजामागे," शिष्य माइकवर म्हणाला, "गुरुजींची बारा वर्षांची तपश्चर्या आहे. ते स्वतःच सांगायचे."

भाचीने चमकून मामीकडे पाहिलं.

"बोलू दे गं त्याला," मामी पदर सावरत म्हणाली. "ह्यांनाही बोलू दिलंच ना जन्मभर."